गठाणीच्या खोलीतून ऐकलेला सुवर्णमहोत्सव

आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला त्या दिवशी मी सव्वा तास एका खोलीत कोंडले गेले होते. कोणी मुद्दाम कोंडलं नव्हतं. बाहेरून कडी लागली आणि आत मी आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं, एवढंच. पुढे गावात ही गोष्ट हसत हसत सांगितली गेली. मीही हसत सांगितली. पण सांगताना मी थोडा भाग नेहमी गाळायचे. तो इथे लिहिते आहे.

शाळा सिंदी रेल्वे या आमच्या गावात, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ती काढली, त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे. सरकारी नोकरी सोडून त्यांनी एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचं गोदाम मागून घेतलं आणि तिथे पाचवीचा वर्ग भरवला. अनुदान नाही, सरकारचा हात नाही. जिथे कापसाच्या गठाणी रचून ठेवत तिथे फळा लागला. शाळेच्या चौथ्या वर्षी मी पाचवीत आले. वर्गात कोपरा झाडला की सरकी निघायची. आम्ही मुली ती ओच्यात गोळा करून घरी बकरीला न्यायचो.

पुढे नवी इमारत झाली, वर मजला चढला. जुन्या गोदामाची एकच खोली राहिली. जाड विटांच्या भिंती, छताजवळ एक खिडकी, आणि लोखंडी दार. तिला अजून गठाणीची खोली म्हणतात. मोडकी बाकं, जुने नकाशे, रजिस्टरं, सगळं तिथे जातं.

मी दहावी याच शाळेतून झाले. वर्ध्याला बी.ए. केलं, बी.एड. केलं. चोविसाव्या वर्षी आर्वी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची ऑर्डर आली. आमच्या घरात तोवर कोणाला सरकारी कागद आला नव्हता. आईने तो देवापुढे ठेवला. दोन दिवसांनी मोठे सर सायकलीने घरी आले. बसले नाहीत. उभ्यानेच पाणी प्यायले आणि म्हणाले की मराठीचे गुरुजी अचानक गेले, दहावीची मुलं बोर्डाला बसायची आहेत, कोणी नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "एक वर्ष थांब."

त्यांनी कधी कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. वडील म्हणाले, तुझं तू ठरव. मी थांबले. ऑर्डरची मुदत निघून गेली. त्या वर्षी दहावीचा निकाल चांगला लागला, पुढच्या वर्षी पुन्हा दहावी आलीच. दहावी दर वर्षी येते. मी गावातच लग्न केलं, पोस्टात नोकरी करणाऱ्या माणसाशी. मुलगी झाली, तीही याच शाळेत शिकली, आणि मग पुण्याला गेली.

या सगळ्याचं मला दुःख होतं असं नाही. मला शिकवायला आवडतं. पण गेली दहाएक वर्षं एक वेगळंच होत होतं. पिठाच्या गिरणीत दळण ठेवायला गेले की कोणीतरी पोराच्या मार्कांचं काढायचं. भाजीवाली माझी विद्यार्थिनी, तिच्याशी घासाघीस करता येत नाही. लग्नात जेवायला बसले की समोरचा वाढपी म्हणायचा, बाई, ओळखलं का. न ओळखून चालत नाही. कधी मोठ्याने हसले, कधी रस्त्यात नवऱ्याशी भांडले, तरी ते शाळेच्या बाईंनी केलं असं व्हायचं. दिवाळीत मुलीकडे गेले तेव्हा तिच्या सोसायटीजवळच्या भाजीबाजारात एकटीच गेले होते. कोणी नमस्कार केला नाही. मी वाटाण्याच्या गाडीपाशी उभी राहून उगाच अर्धा तास शेंगा निवडत राहिले. गाडीवाला वैतागला आणि म्हणाला, "मावशी, घ्यायचं तर घ्या." मला फार बरं वाटलं.

तिथून आल्यावर मी राजीनामा लिहिला. दोन ओळींचा. मार्चअखेर मोकळं करावं, एवढाच मजकूर. नवऱ्याला दाखवला. तो तेव्हा निवृत्त झालेला होता. म्हणाला, सुवर्णमहोत्सव आटपू दे, मग दे. मुलीने पुण्याच्या घरातली एक खोली आमच्यासाठी रिकामी केली, पलंग घेतला. शाळेत मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

सुवर्णमहोत्सवाची तयारी सहा महिने चालली. मोठे सर जाऊन बरीच वर्षं झाली होती. संस्थेचे अध्यक्ष आता त्यांच्याच हाताखाली शिकलेले एक गृहस्थ आहेत. माझ्याही हाताखाली शिकलेले, कारण मी शिकवायला लागले तेव्हा ते दहावीत होते. मी ज्या दहावीसाठी थांबले ती त्यांचीच. शेती आहे, वर्ध्याला व्यवसाय आहे, माणूस मनापासून शाळेसाठी झटणारा. माझ्याकडे स्मरणिका आणि जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. सूत्रसंचालन आमच्या नव्या शिक्षिकेकडे. ही मुलगी सेलूहून बसने यायची, वर्षच झालं होतं तिला, पण आवाज चांगला आणि पाठांतर पक्कं. पाहुण्यांचे परिचय मी माझ्या मोबाइलवर टाइप केले होते, म्हणून त्या दिवशी मोबाइल तिच्याच हातात दिला होता.

दुपारी तीनला कार्यक्रम. अडीचला अध्यक्ष घाईने आले. प्रमुख पाहुणे पहिल्या तुकडीचे, त्यांना दाखल-खारीज रजिस्टरात, म्हणजे शाळेत आल्या-गेल्या मुलांच्या नोंदवहीत, स्वतःचं नाव पाहायचं होतं. ते सगळ्यांत जुनं रजिस्टर प्रदर्शनात ठेवायचं राहून गेलं होतं. मी म्हटलं, आणते.

गठाणीच्या खोलीतली रजिस्टरांची मांडणी दाराच्या मागे आहे. दार लोटल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. मी दार लोटलं, स्टूल लावलं आणि वरच्या फळीवरचे गठ्ठे काढायला लागले. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली आणि कडी सरकल्याचा आवाज आला. गर्दीत लहान पोरं कुठेही शिरतील म्हणून रिकाम्या खोल्या बंद करायला अध्यक्षांनीच माजी विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. मी हाक मारली. पण त्याच क्षणी मैदानावर लेझीम सुरू झालं आणि माझी हाक मलाच ऐकू आली नाही.

मी दारावर थापा मारल्या. मग पायातली वहाण काढून दार ठोकलं. स्टुलावर चढून खिडकीपर्यंत हात नेला, पण खिडकी बोटांच्याही हातभर वर राहिली. नवी साडी नेसले होते, तिच्यावर धुळीचे पट्टे उमटले. घशाला कोरड पडली. लेझीम थांबलं तर स्वागतगीत सुरू झालं, आणि लाऊडस्पीकरचा एक भोंगा नेमका त्याच भिंतीला बांधलेला होता. गाण्याने दाराचा पत्रा थरथरत होता.

अर्ध्या तासाने मी थापा मारणं सोडलं. मोडक्या बाकांच्या ढिगावर बसले, ते जुनं रजिस्टर मांडीवर घेतलं आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात पानं उलटत राहिले.

पालकाचा धंदा या रकान्यात पहिली कितीतरी पानं शेती, शेती, शेती. मध्येच जिनिंग मजूर, रेल्वे हमाल. त्या शेती लिहिलेल्या घरांतली नातवंडं आता आमच्याकडे नाहीत. सकाळी पिवळी बस येते आणि त्यांना वर्ध्याच्या इंग्रजी शाळेत घेऊन जाते. आता आमच्याकडे येतात ती कापूस वेचायला मध्यप्रदेशातून आलेल्यांची मुलं, वीटभट्टीवरची, जंगलाच्या बाजूने आलेल्या गोंड कुटुंबांतली. घरी एक बोली बोलणारी आणि माझ्या तासाला दुसरी ऐकणारी. शिकवण्याची रीतच मला बदलावी लागली होती, आणि खरं सांगायचं तर गेल्या पाच वर्षांत मी जेवढं शिकवायला शिकले तेवढं आधीच्या पंचवीस वर्षांत नाही. हेही त्या राजीनाम्याच्या आड येत होतं. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात लग्न, बदली, गाव सोडले असं लिहिलेलं होतं. माझ्या नावापुढे दहावी उत्तीर्ण.

बाहेर भाषणं सुरू झाली. भिंतीतून शब्द न् शब्द येत होता. पाहुणे बोलले, मोठ्या सरांच्या आठवणी निघाल्या, काही खऱ्या, काही वाढवलेल्या. नव्या शिक्षिकेने माझं नाव सत्कारासाठी पुकारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. लोक कुजबुजत असावेत. मग अध्यक्षांनी माइक घेतला. म्हणाले, बाई कामात असतील, त्या कधी एका जागी बसलेल्या आपण पाहिल्या आहेत का? लोक हसले. मग त्यांचा आवाज जरा गंभीर झाला.

"बाईंनी आपलं सगळं आयुष्य या शाळेला दिलं. त्यांनी मनात आणलं असतं तर कुठेही गेल्या असत्या. पण त्या गेल्या नाहीत. आणि आता तर ही शाळा सोडून बाई कुठे जातील, हे मला तरी सुचत नाही. म्हणून आज या मंचावरून जाहीर करतो, येत्या जूनपासून आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईच असतील."

टाळ्या खूप वेळ चालल्या. कोणीतरी फटाक्यांची लड लावली.

मला याबद्दल कोणी विचारलं नव्हतं. सन्मान म्हणून, अचानक, आनंदाने सांगायचं असं त्यांनी ठरवलं असणार. मी मांडीवर रजिस्टर धरून बसले होते. राजीनामा घरी कपाटात होता. इतक्या टाळ्यांनंतर तो कागद कोणापुढे कसा ठेवणार, हे मला कळेना.

मी गाळते तो भाग यानंतरचा. फटाके थांबल्यावर थोडी शांतता झाली, आणि दाराबाहेरून कोणाची तरी पावलं अगदी जवळून गेली. बांगड्यांचा आवाजही आला. एक हाक पुरली असती. मी हाक मारली नाही. श्वास रोखून बसले. पावलं गेली. थोड्या वेळाने तीच पावलं परत आली, पुन्हा गेली, आणि मी पुन्हा गप्प बसले. बाहेर माझी वाट पाहणारे इतके लोक होते, आणि त्या खोलीत मात्र माझ्याकडून कोणाला काही नको होतं. मला तिथून निघायचं नव्हतं.

तिसऱ्यांदा पावलं दाराशी थांबली आणि कडी सरकली. शाळेतल्या मावशी होत्या. आमच्याकडे पाणी भरणं, झाडलोट त्या करतात. वरचा मजला बांधला तेव्हा त्या कारंजाच्या बाजूच्या जंगलातून मजुरीला आल्या आणि इथेच राहिल्या. त्यांची नात सातवीत आहे आणि त्या दिवशी तिचा नाच होता. मावशींच्या हातात वाढायच्या पत्रावळींचा गठ्ठा होता.

"बाई, तुमी इथं? अन् तिकडं समदे तुमाले धुंडून राह्यले."

मी सांगितलं की दाराला बाहेरून कडी लागली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, साडीकडे, हातातल्या वहाणेकडे.

"मंघाशी मी दोन खेपा इथून गेलती. आवाज काऊन नाई देल्ला?"

मी वहाण पायात सरकवली. मावशी आत आल्या, दार अर्धं लोटलं आणि समोरच्या बाकावर बसल्या. बाहेर पोरांचा नाच सुरू झाला होता. त्यांच्या नातीचा नाच पुढच्याच गाण्यावर होता, तरी त्या उठल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "तुमाले नाई व्हायचं का हेडमास्तरीण?"

"नाही," मी म्हटलं. "मला जायचंय."

हे मी शाळेच्या आवारात पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते.

"मंग सांगा ना तसं."

"इतक्या लोकांसमोर?"

त्यांनी पत्रावळींचा गठ्ठा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "लोकायसमोर नाई सांगता येत. खरं हाय. मले बी नाई येत." उठून त्यांनी पदराने माझ्या पाठीवरची धूळ झटकली, खांद्याशी साडीची घडी बसवली. नातीचं गाणं लागलं तेव्हा आम्ही दोघींनी मंडपाच्या मागच्या बाजूला उभं राहून तिचा नाच पाहिला. नाच संपला आणि कोणाचं तरी माझ्याकडे लक्ष गेलं. मग मला हाताला धरून मंचावर नेलं.

अध्यक्ष माझ्या पाया पडले. शाल, श्रीफळ, मानपत्र. माइक पुढे आला. मी म्हटलं की मी गठाणीच्या खोलीत अडकले होते, तिथून सगळं ऐकलं. मांडव हसून गडगडला. पुढचं वाक्य मनात होतं, पण हसू ओसरेपर्यंत ते गेलं. मी आभार मानले आणि खाली उतरले. जुनं रजिस्टर काखेतच होतं. प्रमुख पाहुण्यांनी मंचाखालीच ते उघडलं, स्वतःचं नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवून फोटो काढून घेतला.

घरी आल्यावर नवऱ्याने चपला कोपऱ्यात ठेवल्या. मग म्हणाला, "मी टाळ्या वाजवल्या. बाजूचे सगळे वाजवत होते." मी म्हटलं, असू दे. शाल घडी घालून ठेवली. त्या दिवशी आम्ही मुलीला फोन केला नाही.

चार दिवसांनी अध्यक्ष घरी आले. मी चहा ठेवला आणि चहाबरोबर तो कागद त्यांच्या पुढे ठेवला. त्यांनी वाचला. चेहरा उतरला. मंचावर ते पुस्तकी बोलतात, पण घरी बसले की त्यांची बोली बदलते. म्हणाले, मले मालूमच नव्हतं बाई, मी तं तुमचा मान कराले गेलतो. खरोखरच त्यांना वाईट वाटलं होतं. त्यांनी सांगितलं की निम्मे शिक्षक नवे आहेत, गावातली मुलं कमी होत चालली आहेत, बाहेरच्या मुलांना शाळा आपली वाटते ती बाईंमुळे. हे सगळं खरं होतं. कागद दुमडून त्यांनी टीपॉयवर ठेवला, खिशात घातला नाही.

"एक वर्ष बाई," ते म्हणाले. "मंग तुमी म्हनान तसं."

त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मोठे सर आमच्या घरी आले तेव्हा तिथे माझ्या आईवडिलांशिवाय कोणी नव्हतं. मी नवऱ्याकडे पाहिलं, तो खिडकीबाहेर पाहत होता. मी हो म्हटलं. रागाने नाही, मोठ्या मनानेही नाही. नाही म्हणायला जी तयारी लागते ती मी कधी केलीच नव्हती.

जूनमध्ये मी मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले. काम जमलं. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलं गळू नयेत म्हणून सकाळचा वर्ग लवकर सुरू केला. पालकसभेला आलेल्या बाया मागे भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, त्यांच्यासाठी पुढे सतरंजी घातली आणि मावशींना त्यांच्या बोलीत सांगायला उभं केलं. पहिल्यांदा मावशी लाजल्या, नंतर माझ्यापेक्षा जास्त बोलायला लागल्या.

वर्ष संपायला दोन महिने उरले होते. मार्चनंतर कोण, याची बोलणी सुरू होती, आणि नव्या शिक्षिकेला तयार करावं असं मी सुचवलंही होतं. त्याच सुमारास तिला हिंगणघाट तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेची ऑर्डर आली. दहावीचा मराठीचा वर्ग तिच्याकडेच होता, परीक्षा तोंडावर. सगळे म्हणाले, बाई, तुम्ही सांगितलं तर ऐकेल. ती कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मी काही मागेन याची ती वाट पाहत होती, हे मला तिच्या उभं राहण्यातून कळलं.

"मॅडम, दहावीचं काय?" तिने विचारलं.

"ते आम्ही पाहू. तू आजच रुजू व्हायची तयारी कर."

मी कार्यमुक्तीचं पत्र तिच्यासमोर लिहिलं, शिक्का मारला, हातात दिलं. ती रडली आणि सेलूच्या दुपारच्या बसने गेली. शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही. अध्यक्ष एवढंच म्हणाले की जरा थांबवायचं होतं. मी म्हटलं, नाही थांबवायचं.

तिच्या जागी माणूस मिळाला नाही. अनुदान नसलेल्या शाळेत मराठी शिकवायला आता कोणी येत नाही. दहावीचे तास मी घेतले. मार्च आला, गेला. दुसरा मार्चही गेला. तो राजीनामा अजून टीपॉयच्या खणात आहे, तारीख टाकलेली नाही.

आपण केलं ते बरोबर केलं असं मला त्या मुलीबद्दल वाटतं. त्याने मला बरं वाटतं का, तर रोज वाटत नाही. दुपारी वर्गावर जाताना जिना चढून दम लागतो, तेव्हा कधी कधी मनात येतं की दोन महिने तरी थांब म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं. मग त्या विचाराची लाज वाटते, आणि मी वर्गात जाते.

गेल्या रविवारी मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती जरा थांबत म्हणाली की जावई आता घरूनच काम करतात, म्हणून त्या खोलीत त्यांचं टेबल लावलंय, पलंग भिंतीला उभा केलाय, तुम्ही आलात की टेबल लगेच काढू. मी म्हटलं, राहू दे, काढू नका. फोन ठेवल्यावर नवऱ्याने विचारलं, काय म्हणत होती. मी सांगितलं. उठून त्याने गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आणि मी सोमवारच्या तासासाठी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.